तोमोएने नाव सांगितलं नाही

बंदरावरच्या कालवं फोडायच्या शेडमध्ये तोमोए ओइकावाच्या शेजारी बसायला नवीन बायका जरा कचरत. तिची सुरी जशी चाले, तशीच जीभही. मुकादम एकदा म्हणाला, "तोंड मिटून काम करा." तर ही म्हणाली, "कालवं तोंड मिटूनच बसतात. त्यांचं पुढे काय होतं, ते तुम्ही रोज बघता."

त्सुनामीची ती लाट गावावरून गेली, सासूबाई सापडल्या नाहीत, त्यानंतर ती हायकू करू लागली. काम करताना हात रिकामे नसत. पण तीन ओळी तोंडातल्या तोंडात मावत. घरी नवरा विचारी, "पुटपुटतेस काय?" "तुला शिव्या देतेय," असं सांगून ती मिसो-सूपात मुळा घाली.

महिन्यातून एकदा समाजगृहात हायकू मंडळ बसे. प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर आपला हायकू लिहायचा, चिठ्ठ्या मिसळायच्या, दुसऱ्यांनी त्या आपल्या अक्षरात उतरवायच्या. मग सगळ्यांनी निवड करायची. निवडलेला हायकू वाचला, की ज्याचा असेल त्याने मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं. त्याआधी मंडळ चालवणारे ओनोदेरा गुरुजी एखादा शब्द सुधारत आणि सगळे वाकून आभार मानत. तोमोएही मानत आली होती. गुरुजींचा हात हलका होता, आणि बऱ्याचदा त्यांचंच बरोबर असे.

त्या हिवाळ्यात, लाटेनंतर बांधलेल्या आणि गावातून समुद्र दिसेनासा करणाऱ्या उंच समुद्रभिंतीच्या पायथ्याशी स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. त्या बैठकीत पहिला येईल तो हायकू त्यावर कोरायचा होता. नगरपालिकेचा एक माणूस मुद्दाम कोपऱ्यात येऊन बसला. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती या हायकूला:

भिंतीपलीकडे
समुद्र आहे म्हणतात—
कालवांचा हंगाम

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गुरुजींनी चष्मा पुसला. "छान आहे. फक्त मधली ओळ जरा बोचते." त्यांनी लेखणी उचलली आणि सुधारून वाचलं:

भिंतीपलीकडे
समुद्र निवांत—
कालवांचा हंगाम

कोपऱ्यातल्या माणसाने मान डोलावली. "कोणाचा?" गुरुजींनी विचारलं.

कोणी नाव सांगेना. किनुयो शेडमध्ये तोमोएच्या शेजारी बसणारी. तिने ढोपराने डिवचलं. "अगं, सांग की! दगडावर नाव येईल तुझं."

"माझा नाही," तोमोए म्हणाली.

"काहीतरीच! सकाळभर माझ्या कानाशी पुटपुटत होतीस."

"पुटपुटत होते तो वेगळा होता. हा गुरुजींचा आहे. गुरुजींनी आपलं नाव सांगावं."

इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं.

"तोमोएबाई," गुरुजी हळूच म्हणाले, "माझी बायको त्या समुद्रातच गेली. निदान दगडावर तरी त्याला शांत असू द्या."

गुरुजी अजून दोन कप मांडतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एका शब्दापुरतं त्यांचं ऐकलं, तर आपलं काय जातं? तिने खाली बघितलं. मग मान वर केली.

"घरी म्हणा, गुरुजी. मी स्वतः येऊन ऐकेन. पण दगडावर नको. या किनाऱ्यावरचे जुने दगड काय सांगतात? 'या दगडाच्या खालच्या अंगाला घर बांधू नका.' आपल्याकडे दगड धीर द्यायला उभे करत नाहीत, बजावायला करतात. 'निवांत' वाचून पोरं भिंतीला टेकून झोपतील."

"बाई, भिंतीच्या पायथ्याशीच भिंतीची तक्रार कशी कोरणार?" नगरपालिकेचा माणूस म्हणाला.

"मग नका कोरू, साहेब. दगडासाठी मी जीव टाकलेला नाही."

गुरुजींनी आपली ओळ आडवी खोडली आणि पहिला हायकू पुन्हा वाचला, सावकाश, 'म्हणतात'वर आवाज न पाडता. "कोणाचा?"

"तोमोए!" आवाज इतका मोठा निघाला की किनुयो दचकली.

गुरुजी वाकले. तोमोए त्यांच्याहून खाली वाकली.

दगडावर अखेर, नगरपालिकेच्या पसंतीने, किनुयोचा समुद्रपक्ष्यांचा हायकू कोरला गेला. अनावरणाला तोमोए नवा स्कार्फ बांधून गेली आणि पोटभर भात-मासे जेवली.

"रागावली नाहीस ना?" परतताना किनुयोने विचारलं.

"पक्षी चांगले आहेत तुझे. भिंतीवरून उडून जातात, त्यांना काय!" तोमोए म्हणाली, आणि बाजूच्या जिन्याने भिंत चढू लागली. "चल वर. आज पाणी कुठवर आहे ते बघून येऊ."