पंखा वारा खातो का?

जिंतूरकडच्या डोंगरात सरजाबाईसारखे तीळ उफणणारं माणूस नाही, असं लोक म्हणत, आणि सरजाबाई ते मुळीच नाकारत नसे. म्हातारीला नाद दोनच, चहा आणि चौकशा. तिच्या खळ्यामागच्या माळावर पवनचक्की उभारायची म्हणून कंपनीची राजेश्री संमती मागायला आली, तेव्हा तासाभरात त्या पोरीचं डोकं भणभणायला लागलं.

खरा प्रश्न एकच होता. "ह्यो पंखा वारा खानार. मंग माज्या खळ्याला काय उरंल? वारा न्हाई तर माळ बी देनार न्हाई."

"उरतो मावशी," राजेश्री म्हणाली.

पण सांगोवांगीवर विश्वास ठेवील ती सरजाबाई कसली! दुसऱ्या दिवशी तीळ, सूप आणि उभं राहून उफणायची तिवई घेऊन ती शेजारच्या माळावरच्या चालू पवनचक्कीखाली हजर. सोबत राजेश्री.

सकाळी तिनं देवळाच्या अंगाला तिवई मांडली. तीळ पायाशी पडले, भुसा पवनचक्कीकडे उडाला. भाकरी खाऊन, डुलकी काढून तिनं तिवई पलीकडे तळ्याच्या अंगाला नेली. भुसा पुन्हा पवनचक्कीकडेच!

"बघ, दोनी अंगांनी वढून घ्यायलंय!" ती ओरडली.

सारा जन्म वाऱ्यावर काढलेल्या बाईला वारा फिरल्याचं कळू नये? पण संशय एकदा डोक्यात शिरला की अक्कल गहाण पडते.  राजेश्रीनं वर बोट केलं.

"सकाळी पंख्याचं तोंड कुठं होतं, मावशी?"

"देवळाकडं."

"आणि आता?"

सरजाबाईनं मान वर केली. तोंड तळ्याकडं होतं. वारा फिरला होता आणि त्याच्यामागोमाग एवढं मोठं धूडही वळलं होतं. म्हातारी पदर तोंडाला लावून पोट धरधरून हसली. "वारा फिरला की आमी तिवई फिरवतो. ह्ये तर मुंडकंच फिरवायलंय!"

"खोटं नाही बोलणार," राजेश्री म्हणाली. " पंख्यामागं वारा थोडा मंदावतो, पण तो वर, उंचावर."

तेही तिनं तपासलं. तिवई पंख्याच्या पाठीमागे नेली. भुसा जरा रेंगाळला, पण उडाला. खळ्याची फिकीर मिटली, तशी ती खाली टेकली.

"वाऱ्याचं मिटलं. आता पावसाचं बोल. दोन वर्सं झाली, दिवाळी झाली की यायलाय. खळ्यावर तीळ काळे पडायलेत. ह्या पंख्यानं त्यो ठिकाणावर यील का?"

"एकट्यानं नाही. विजेसाठी कोळसा जाळून हवा तापते, त्यानं पाऊस बिघडतो; ते जाळणं कमी व्हायला अशा पुष्कळ पवनचक्क्या लागतील. आणि तरी तुमच्या हयातीत पाऊस सुधारेल, असं मी सांगू शकत नाही."

सरजाबाईला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. तिनं सुपातले तीळ चाळवले.

"मंग इतकी वर्सं वाट कुनाची बघत बसले तुमी?" ती म्हणाली. "उद्याच घे माज्या माळाचं माप."