नळाजवळची पंगत

आमच्या तंजावूरच्या मराठी मंडळात दोन घरं एकसारखी सापडायची नाहीत. काही घरी कांद्याला उंबरा ओलांडता येत नाही, काही घरी कांद्यावाचून चूल पेटत नाही. काही जण पणजोबांची मराठी बोलतात, काहींची पोरं मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देतात. सगळ्यांना धरून ठेवणारी वस्तू एकच, डांगर पचडी. भाजलेल्या उडदाचं पीठ, म्हणजे आमचं डांगर, दह्यात कालवायचं आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. ती मात्र कुठल्याच घरी चुकत नाही.

मागच्या वर्षी मंडळाच्या जेवणाला माझ्या बायकोनं छोट्या कांद्यांचं कुळम्बु करून नेलं. ती पापनाशमजवळच्या खेड्यातली. तिच्या हातच्या त्या चिंचेच्या आमटीसाठी आमच्या गल्लीतले लोक वाटी घेऊन दारात उभे राहतात. आणि मंडळानं काय केलं? कांदेवाल्यांची पंगत वेगळी काढली, तीही हात धुवायच्या नळाजवळ. येणारा-जाणारा हात झटके आणि शिंतोडे आमच्या पानात. सायकलवर भांडी विकत विकत बाजारात स्वतःचं दुकान उभं केलेला मी माणूस. वर्षभर धुमसलो. खरं सांगायचं तर अजूनही थोडा धुमसतो.

या वर्षी मंडळाचे अध्यक्ष मोठ्या कढया मागायला दुकानात आले. कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांना सगळे नुसतं 'सार' म्हणतात.

"कढया न्या, सार. पंगत मात्र एक पाहिजे."

"तत्त्वतः मान्य आहे."

"बाजारात 'तत्त्वतः' म्हणजे 'नाही'."

"बरं, कुळम्बु येऊ दे. पण त्या बाजूला."

"मग कढयाही त्या बाजूलाच राहतील."

दोन कॉफ्या झाल्या, आवाज चढले, शेवटी ते "पाहू" म्हणून उठले. मी कढया पाठवल्या, पण झाकणं दुकानातच ठेवली. सौदा अर्धा तर मालही अर्धा. घरी बायको म्हणाली, "मी काही येत नाही. तुम्ही जा आणि नळाला माझा नमस्कार सांगा."

जेवणाच्या दिवशी सकाळी मी तोंड फुगवून सभागृहाच्या दारात उभा होतो, तेवढ्यात एक छोटा टेम्पो मागे मागे येत अंगणात शिरला. त्यात तांबडे लाल भोपळे शिगोशीग भरलेले. ड्रायव्हरशेजारून आमच्या नव्या सभासद उतरल्या. बँकेत नोकरी, खानदेशातून नुकत्याच बदलून आलेल्या. सारांनी त्यांना सांगितलं होतं, "ताई, डांगर तुमच्याकडे. भरपूर पाहिजे."

"सार, डांगर आणलं!" ताई आनंदानं ओरडल्या. "एकदम पिकलेलं!"

"अहो, हे परंगिक्काय!" सारांच्या तोंडून भोपळ्याचं तमिळ नावच निघालं.

"आमच्याकडे ह्यालाच डांगर म्हणतात."

"मग आम्ही इतकी वर्षं दह्यात कालवतो ते काय?"

"ते होय? ते उडदाचं पीठ!"

तेवढ्यात टेम्पोतून एक भोपळा सुटला, पायऱ्यांवर टणटण आपटत थेट सारांच्या चपलेशी येऊन थांबला, आणि कोण आधी हसलं ते कळलंच नाही. कांदेवाले आणि बिनकांदेवाले एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. ताई हसता हसता खालीच बसल्या.

हसणं ओसरल्यावर आचाऱ्यानं हात वर केले. उडीद भाजून दळायला वेळ नव्हता आणि भोपळ्याला तो हात लावायला तयार नव्हता. मी हळूच म्हणालो, "माझ्या बायकोच्या माहेरी हे बांधावर लोळत असतात. पण ती कशाला येईल?"

सारांनी माझ्या हातातून फोनच घेतला, तिला लावला आणि स्पीकर चालू केला. "अम्मा, तुम्ही या. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"येते. कुळम्बुही आणते. पंगत एक."

"पण अम्मा, कांदा…"

"कांदा उठून तुमच्या पानात उडी मारत नाही, सार. नको असेल तर पानावर हात आडवा धरा. शेंबड्या पोरालाही येतं ते."

सार एवढ्या मोठ्यानं हसले की भिंतीवरची पाल पळाली. "मान्य!"

"तत्त्वतः?" मी विचारलं.

"नाही रे बाबा, पानावर!"

मी झाकणं आणायला स्कूटर अशी पळवली की वाटेत दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन्ही गोड लागल्या.

बायको आली, तशी सगळी घरं मिळून भोपळे चिरायला बसली. साल काढायची की ठेवायची यावर दोन नवे पक्ष पडले, आणि कांद्याचे जुने पक्ष त्यात पार मिसळून गेले. मग एकच लांब पंगत बसली. बायको कुळम्बु घेऊन निघाली, तसे पुढे पुढे हात आडवे होत गेले, रेल्वेच्या फाटकासारखे, आणि ती गेली की परत उघडत गेले. कुणाचा चेहरा वाकडा नाही. सारांचा हातही पानावर आडवा होता, नाक मात्र वाटीच्या मागे मागे चाललं होतं. मी पाहिलं आणि गप्प बसलो. माझ्यासारख्यानं गप्प बसणं म्हणजे काय, ते बाजारात विचारा. भोपळ्याची भाजी मात्र त्यांनी तीनदा मागून घेतली.

परतताना बायको मांडीवर अर्धा भोपळा घेऊन स्कूटरवर मागे बसली होती.

"नळाजवळ कोण बसलं होतं हो?"

"उरलेली डांगरं," मी म्हणालो.

मोठ्या देवळाच्या वळणापर्यंत ती हसत होती, आणि भोपळा माझ्या पाठीला ढुशा देत होता.