चौकात लावलेलं नाव

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग हायसं वाटतं. निवृत्ती जवळ आली होती. शेवगाव भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी चालू असताना एका गावातून फोन आला, "साहेब, एका म्हाताऱ्यानं सोताच्या बैलाची शेपटी चावून फोडलीय. लवकर या, गावातली पोरं लई तापल्यात."

बैल जोरात पळावा म्हणून शर्यतीत काही नालायक त्याची शेपटी दातांखाली धरतात. पण हा म्हातारा शर्यतवाला नव्हता. बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणारा साधा गाडीवान होता.

गावात पोचलो तर चौकात भला मोठा फ्लेक्स! 'जनावरांचा छळ करणाऱ्यांची जाहीर यादी.' एक नंबरला म्हाताऱ्याचं नाव आणि फेटा बांधलेला जुना फोटो. दोन ते दहा नंबर मोकळे सोडलेले. म्हणजे पोरांनी पुढचीही सोय करून ठेवली होती. दुकानदार त्याला चहापत्ती देईना. ऊसतोड टोळीच्या मुकादमानं तर सांगूनच टाकलं होतं, "यंदा तुला घेत न्हाई." त्या घराची चूल ऊसतोडीवरच पेटायची.

पंचनामा केला. शेपटीच्या जखमेत हळद भरली होती. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती धुऊन पाहिली आणि माणसाच्याच दातांचे व्रण आहेत, असा अभिप्राय दिला. बैल मुद्देमाल म्हणून जवळच्या गोशाळेत पाठवला, म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. साक्षीदार एकच, त्याचा पुतण्या. त्यानंच पोरांना सांगितलं होतं, "तात्यानं रागात चावा घेतला, म्या डोळ्यांनी बघितलं."

चौकशीत म्हातारा काही बोलेना. "बाबा, तुम्ही केलं का नाही, तेवढं तरी सांगा," मी आवाज चढवला. तो म्हणाला, "साहेब, बैलानं वैरण खाल्ली का?" पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माझा अनुभव असा, की गुन्हेगार फार बोलतो आणि निरपराध त्याहून जास्त बोलतो. अजिबात बोलत नाही तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

दुपारी हवालदारानं डबा उघडला आणि अर्धी भाकरी म्हाताऱ्यापुढे ठेवली. तो ती चहात कुस्करायला लागला.

"अहो, वांग्याचं कालवण घ्या की बाबा," हवालदार म्हणाला.

"चावत न्हाई रं," म्हणत म्हातारा कसंनुसं हसला. तोंडात औषधालाही दात नव्हता!

"अरे तिच्या मारी!" मी खुर्चीतून उठलोच. हवालदाराचा घास हातातच राहिला. म्हातारा बोळका आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण फ्लेक्सवर नाव वाचल्यावर कुणी डोकं चालवायची तसदी घेतली नाही.

पुतण्याला बोलावलं. "चावा तात्यानं घेतला?"

"व्हय साहेब."

"तू पाहिलंस?"

"व्हय की."

"मग तात्याला जरा तोंड उघडायला सांग."

पोरगं पांढरंफटक पडलं. दोन मिनिटांत सगळं ओकलं. न विचारता बैल सरावाच्या शर्यतीला नेला होता, तो मागे पडला, म्हणून यानंच शेपटी चावली. पोरांनी जखम पाहून जाब विचारला तेव्हा घाबरून तात्याचं नाव घेतलं. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. "मेलेल्या भावाचं पोर हाय, साहेब. त्याला आत कसा घालू?" एवढं बोलून तो रडायला लागला.

संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरवायला लावला. मुकादमाला बोलावून चांगलं फैलावर घेतलं, त्यानं म्हाताऱ्याला टोळीत परत घेतलं. पुतण्यानं पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला आणि बैल म्हाताऱ्याच्या ताब्यात द्यायचा हुकूम निघाला. माझ्या छातीवरची धोंड उतरली.

म्हातारा आणि पुतण्याला घेऊन बैल सोडवायला गेलो, तर गोशाळेच्या फाटकात फ्लेक्सवाली पोरं हजर होती. "साहेब, आता तर कोर्टानंच ठरवलं. पुतण्याचं नाव लावू का?"

खरं सांगतो, अशी यादी असावी, या मताचा मी आहे. जनावराचा छळ करून शिक्षा झालेल्या माणसाच्या हाती पुन्हा कुणी कासरा देऊ नये. पण मी काही बोलायच्या आत म्हाताराच म्हणाला, "यादी सरकारनं करावी, पोरांनो. सरकार चुकलं तर कचेरीत जाऊन भांडता येतं. चौक चुकल्यावर म्या कुणाशी भांडायचं हुतं?"

पोरांनी फाटकातली वाट मोकळी केली. पस्तीसेक वर्षं गुन्हे तपासून मला जे नीट मांडता आलं नसतं, ते तो तीन वाक्यांत बोलून गेला.

म्हाताऱ्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला, कासरा धरला आणि निघाला. पुतण्या मदतीला पुढे झाला तसा बैल बुजून बाजूला सरकला. म्हातारा थांबला. "तू मागनं चाल," तो पोराला म्हणाला. "त्याची भीती जाईस्तवर हात लावायचा न्हाई."

पोरगं गावापर्यंत मागूनच चालत गेलं.