तांदळात लिहिलेले नाव

अकोल्यात तहसील कचेरीच्या कुंपणालगत माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून कधी परत आलेला नाही, हे येथील वकीलमंडळीही जाणून आहेत. अर्जदाराचे नाव अर्जदाराच्याच तोंडून ऐकायचे, हा माझा शिरस्ता. त्यावरून एका सासूबाईंनी मला भर दुपारी फैलावर घेतले.

त्यांची सून लग्न होऊन ओडिशातून आलेली. रेशनकार्डात तिचे नाव चढवायचे होते. मी सुनेकडे पाहून नाव विचारले. उत्तर सासूबाईंनी दिले. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने लिहिलेले, सासरचे नवे नाव.

"बाई, मी यांना विचारले."

"मंग हिचंच सांगून राहिली ना मी. हिले काय समजते?"

सुनेने पिशवीतून दहावीचे प्रमाणपत्र काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावर माहेरचे नाव होते. गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती आणि तिला ती हवी होती. कार्डावर नवे नाव चढले असते, तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याच बाईचे ठरले असते.

"आत्याबाई, भाकर थापाले शिकली, तुमचं बोलनं शिकली," ती सासूबाईंना अडखळत, पण वऱ्हाडीतच म्हणाली. "नाव नाई देत."

"माह्यं बी बदललं होतं. मी मेली काय?"

"तुमाले कोनी इचारलं होतं का?"

सासूबाई तडक उठल्या. "चाल. त्या पलीकडच्या भाऊकडून लिवून घेऊ. हा मानूस सुना बिघडवते."

सून स्टुलावरून हलली नाही. "लिवा, भाऊ."

मी लिहिले. आईबापांनी ठेवलेले नाव, ठळक अक्षरांत, खाली रेघ ओढून. सही तिने आपल्या लिपीत केली.

त्या सासूबाईंच्या गावाचे काम आता माझ्याकडे येत नाही. न येवो. मी तेल्हारा सोडून या शहरात आलो, तेव्हा येथील पाणी, येथील भाव, येथील माणसे सगळे अंगवळणी पाडून घेतले; पण माझे नाव बदलण्याची कोणाची छाती झाली नाही. जे माझ्याकडे कोणाला मागता आले नाही, ते परमुलखातल्या पोरीकडे कोणत्या अधिकाराने मागता?

त्या दुपारी सासूबाईंनी फाटकातून नव्या नावाने हाक मारली, मग पुन्हा मारली. ती अर्ज घेऊन खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.