कुरकुरीचा उपास

जोमो कानेपाला गोदीतून निवृत्त होऊन सव्वीस वर्षं झाली, पण त्यानं कामावर जाणं काही सोडलेलं नाही. रोज सकाळी दहाला तो जुन्या बंदरावर हजर होतो आणि जेवणवेळेपर्यंत तिथल्या एकूण एक गोष्टीला नावं ठेवतो. रविवारी बायकोलाही बरोबर नेतो, कारण ऐकायला कुणीतरी लागतं.

इटलीतल्या आमच्या जेनोवात याला दुर्गुण समजत नाहीत. जुन्या काळी म्हणे खलाशाला जहाजावर घेताना विचारत, कुरकुरीसह की कुरकुरीविना? कुरकुरीविना पगार जास्त मिळे, तरी आमचे लोक कमी पगारच पत्करत. जोमो त्याच वंशातला. ज्या गोदामात त्यानं ऐन पंचविशीत कापसाच्या गाठी वाहिल्या, तिथे आता लोक सिनेमा बघत मक्याच्या लाह्या खातात. धक्क्यावर क्रेनसारखे पांढरे हात उभारून त्यांना पाळणा टांगलाय. "क्रेन म्हणे!" जोमो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "माणसं उचलते, वर फिरवते आणि होती तिथेच आणून ठेवते. आम्ही असं काम केलं असतं तर मुकादमानं पाण्यात ढकललं असतं."

त्याची बायको इरिदे हे सगळं चोपन्न वर्षं ऐकत आली आहे. पंख्याचा आवाज ऐकावा तसं ती ते ऐकते, म्हणजे ऐकत नाही.

यंदा वसंतात इरिदेच्या मानेत एक गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि थांबा म्हणाले. जोमो घाबरला. त्यानं घरी ते दाखवलं नाही. पावाला, पावसाला आणि जावयाला नावं ठेवत राहिला. पण एका दुपारी तो एकटाच बस पकडून डोंगरावरच्या मादोन्नाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, देवळात गेला, टोपी काढली आणि नवस बोलला: "हिचा निकाल चांगला येऊ दे. येत्या रविवारी दिवसभर मी कशालाही नावं ठेवणार नाही. तेही बंदरावर." देवीला काय द्यायचं तर आपल्याजवळचं सगळ्यात जड तेच द्यावं, एवढं त्याला कळत होतं.

शनिवारी निकाल आला. इरिदेचे गुडघे दुखत होते म्हणून तो एकटाच गेला. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, काही काळजी नाही. कागदावर जे लिहिलं होतं ते मात्र या दोघांच्याच काय, त्यांच्या बापांच्याही डोक्यावरून गेलं असतं. जोमो घरी येऊन म्हणाला, "सगळं छान आहे." इरिदेनं सुस्कारा सोडला. नवसाचं तो बोलला नाही, कारण बोलून दाखवलेला नवस फळत नाही.

रविवारी बंदरावर खाण्याचा मेळा होता. तंबूखाली बँड, धक्क्याभर टपऱ्या, ही गर्दी. इरिदेनं फारिनाता, म्हणजे बेसनाचं भट्टीतलं पातळ धिरडं, घेतली. ती बोटभर जाड होती आणि मधे कच्ची. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जोमोनं घास गिळला. "छान आहे," तो म्हणाला.

बँड बेसूर होता. "पोरं मेहनत घेतायत," जोमो म्हणाला.

इतक्यात त्याचा गोदीतला जुना जोडीदार तुल्यो भेटला. "काय लेका, आज बोलती बंद? कवळी विसरलास काय?"

"नाही रे. हवा छान आहे. हा पाळणासुद्धा चांगला दिसतो, नाही?"

तुल्योचं हसू मावळलं. त्यानं जोमोकडे पाहिलं, मग इरिदेकडे, आणि हळूच तिचा हात दाबला. "वहिनी, धीर धरा. काही लागलं तर सांगा." आणि तो घाईघाईनं निघून गेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर खोड गेली होती. जोमो धडधाकट होता, तेव्हा मरणार कोण, हे इरिदेला उघड दिसू लागलं. तिनं शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली. कोपऱ्यावरच्या टपरीत कुणा बाहेरगावच्यानं पेस्तोची चटणी मांडली होती, त्यात तुळशीऐवजी पालक आणि वर चक्क साय. एरवी जोमोनं त्या माणसाला पोलिसात दिलं असतं.

तिनं चमचा त्याच्या तोंडापुढे धरला. जोमोच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं.

"छान आहे," तो म्हणाला.

इरिदे जहाजं बांधायच्या लोखंडी खुंटावर मटकन बसली.

"किती दिवस सांगितलेत?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरनी. माझे. खरं सांग, जोमो."

"अगं, सांगितलं ना काल? सगळं छान आहे!"

"पेस्तोही छानच होता ना?"

चोपन्न वर्षांत आपला शब्द इतका स्वस्त कधीच झाला नव्हता, हे जोमोच्या लक्षात आलं. संध्याकाळ व्हायला अजून पाच तास होते. नवस मोडला तर देवी दिलेलं परत घेईल का, याची त्याला धास्ती वाटली. पण समोर इरिदेची हनुवटी थरथरत होती, आणि ते त्याला बघवेना. त्यानं डोंगराच्या दिशेला टोपी काढली. "माफ कर, माउली," तो पुटपुटला. "वाटलं तर मला शिक्षा कर, हिला नको."

आणि बांध फुटला.

"पेस्तो? याला पेस्तो म्हणतात? गुरं तोंड लावणार नाहीत! पालक घालतो मेला! आणि ती फारिनाता, तिची उशी करून झोपावं! बँड आहे की मांजरं कापतायत? तो पाळणा, तीस वर्षं झाली, एक पोतं उचललं नाही अजून! आणि तो दवाखाना! तीन आठवडे, इरिदे! 'काही नाही' एवढं लिहायला तीन आठवडे लावले त्यांनी! एकवीस रात्री मी छताकडे बघत पडलो होतो, तुझा श्वास चालू आहे ना ऐकत. जरा कूस बदललीस तरी जीव जायचा माझा. साधी गाठ! साधी होती तर लवकर सांगायला काय झालं होतं मेल्यांना?"

त्याचा आवाज फाटला. टपरीवाले बघत होते. इरिदेनं त्याची बाही घट्ट धरली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच ती त्याचा शब्द न् शब्द ऐकत होती.

"थांबू नको," ती म्हणाली. "अजून बोल."