सरांच्या स्पीकरची वाटणी

मोबाइलवर हिरेमठ सरांचं नाव आलं तेव्हा मी मेथी निवडत होते. “काय सर, वाजले का शेवटी तुमचे स्पीकर?” मी विचारलं. पलीकडे बाईचा आवाज होता. “मी त्यांची भैन बोलतीय, करकंबची. दादा गेला की हो, बाई... झोपेतच.” मी “बरं” म्हणाले. अशा वेळी बरं कुणी म्हणतं का? पण म्हणाले, आणि पुन्हा मेथी निवडायला बसले.

आम्ही एकाच शाळेत होतो. सर मराठी शिकवायचे, मी विज्ञान. दोघंही एकटे, त्यामुळे स्टाफरूममध्ये लोक बोलायचे ते बोलायचेच. निवृत्तीनंतर सरांना स्पीकर बनवायचं वेड लागलं. अ‍ॅम्प्लिफायर तळहाताएवढा, दोन वॉटचा. तेवढ्या ताकदीवर घरभर वाजतील असे स्पीकर त्यांना स्वस्तात हवे होते. “सर, सरळ मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या ना,” मी म्हणायचे, तर ऐकतील ते सर कसले! जुन्या बाजारात ते जुन्या रेडिओतले, हलक्या कागदाचे मोठे स्पीकर शोधायचे. पेन्सिल सेलची वायर टेकवायची, ‘टक्’ वाजलं की कान द्यायचा, ज्याचं ‘टक्’ मोठं तो विकत घ्यायला बाजूला ठेवायचा. दुकानदार वैतागून म्हणायचा, “लेते क्या, नुस्ता टकटक करते, सर?” मी शेजारी उभी राहून हसायचे. पुढे सरांनी प्लायवुडची कपाटासारखी दोन खोकी ठोकली. म्हणाले, “बाई, तुमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ. कमी आवाजातही भरून वाजतील असे करतोय, तुमच्यासाठी.” मी घरी येऊन खोक्यांना जागा व्हावी म्हणून टीपॉय सरकवून ठेवला.

भवानी पेठेतली त्यांची खोली रिकामी करायला गेले, तेव्हा महादेवीआक्का, त्यांची बहीण, स्पीकरपाशीच बसलेल्या. “हे माजं हाय,” त्या म्हणाल्या. “दादा म्हणायचा, तुज्याकडं लाईट टिकत न्हाय, ब्याटरीवर वाजतील असं करतोय.” मला राग आला. गेलेल्या माणसाचा राग... मीही मग मला काय सांगितलं होतं ते सांगून टाकलं. दोघींपैकी कुणीच मागे हटेना. शेवटी एकेक घ्यायचं ठरलं. प्रत्येक खोक्याच्या पाठीला आपापला अ‍ॅम्प्लिफायर होता, तेव्हा अडचण कसली? जन्मभर विज्ञान शिकवलेल्या मलाही ही वाटणी अगदी योग्य वाटली.

सरांनी आम्हा दोघींनाही मोबाइलवर एक जुनं भावगीत पाठवलेलं होतं. मी ते माझ्या खोक्यावर लावलं. गाणारी गात होती, पण तबला नाही, पेटी नाही. सरांचं काम अर्धवट राहिलं असं मी धरून चालले. मग आक्कांचा फोन आला. “बाई, माज्याकडं नुस्ता तबला अन् पेटी वाजतीय. गाणारी तुमच्याकडं आलीया का?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या गाण्यात गाणारीचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला भरलेली, आणि सरांनी एका खोक्याला डावी बाजू जोडलेली, दुसऱ्याला उजवी. ही जोडी दोन घरांत वाजणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी दोघींना का सांगितलं? कुणाचं मन राखलं, आणि कुणासाठी खरंच केलं? किती विचार केला तरी मला कळत नाही.

टेम्पोत घालून माझं खोकं करकंबला नेलं. दोन्ही शेजारी ठेवून गाणं लावलं. आक्का रडल्या. मला रडू येईना. संध्याकाळी मी परत नेण्यासाठी माझ्या खोक्याची वायर काढायला वाकले, तर त्यांनी हात धरला. “ऱ्हाऊ द्या हितंच. तुमीच येत जावा की.” मी स्पीकर गमावला, की आणखी काही झालं, तेही नीट उमगलं नाही. पण तेव्हापासून दर रविवारी मी करकंबची एसटी धरते.

परवा गाणं चालू असताना शेजारची बाई डोकावली. “ह्या कोण?” तिनं विचारलं. आक्का शेंगा फोडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “घरच्या हायत.” एरवी मी घाईघाईने सांगितलं असतं, छे हो, आम्ही फक्त एका शाळेत होतो. त्या दिवशी मी पुढे सरकून आक्कांच्या सुपातल्या शेंगा फोडायला घेतल्या.