बंदीचा डोंगर

"कान धर, म्हाताऱ्या. मोठ्यानं म्हण, मी चोर हाय."

चावडीपुढं, भर उन्हात, फारेस्टच्या गार्डनं माझ्या सासऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या. पांढऱ्या मिशांचा माणूस. पाटील पारावर पान चघळत बसलेला. गाव हसत व्हतं. मी भिंतीला चिकटून उभी.

गुन्हा काय? आमची मेंढरं डोंगरात शिरली. माणदेशातला दुष्काळ नुकताच सरलेला. झाडं वाढवायची म्हणून सरकारनं डोंगर बंद केला. दवंडी पिटली, झालं. पिढ्यान् पिढ्या तिथं चारणाऱ्या आमा धनगरांना कुणी इचारलं न्हाई, आता मेंढरं कुठं नेणार?

मेंढरं कोंडवाड्यात घातली. पाणी न्हाई. मी घागर नेली, गार्डनं लाथेनं उलथवली. माझ्या डोळ्यांदेखत गाभण मेंढी पाय ताणून मेली.

सांजच्याला त्याच डोंगरावरनं ट्रक उतरला. ओल्या लाकडांनी भरलेला. पाटलाचा. गार्डनं रस्त्यावरची साखळी सोडली आन् सलाम ठोकला.

तो सलाम मी बघितला. माझी भीती तिथंच जळाली.

पुढं साताऱ्याहून फारेस्टचा मोठा सायब आला. सभा भरली. म्हणाला, "या धनगरांनीच डोंगर बोडका केला."

मामंजींनी मान खाली घातली. मी उठले.

"सायब, मेंढरू कुऱ्हाड धरतं व्हय? ट्रक कुणाचा त्ये इचारा की."

पाटील गरजला, "ए बाई, बस खाली!"

मामंजी माझा पदर ओढाय लागले. "बस गं पोरी. जगू देणार न्हाईत."

मी पदर सोडवला. बसले न्हाई. सायबानं घड्याळ बघितलं आन् जीपमधनं निघून गेला.

गावानं आमाला विहीर बंद केली. उरलेली मेंढरं इकावी लागली. मामंजींनी बोलणं सोडलं, मग अन्न सोडलं. पावसाआधी गेले. डोंगरावर कुऱ्हाड चालूच.

दिवस घातले आन् मी जावेला घेऊन बौद्धवाड्यात गेले. तिथल्या बायांना डोंगरातनं वाळल्या काटक्याही आणू देत नव्हते. आमी सगळ्या ऐन दुपारी डोंगराच्या वाटेवर बसलो. ट्रक आला. हारन वाजत राहिला. गार्ड काठी घेऊन धावला.

"उठा!"

"न्हाई उठत," मी म्हणाले. "या डोंगराचं काय करायचं त्ये ठरवायला आमी बसणार. आमाला वगळून ठरवायचं आसंल, तर ट्रक आमच्या अंगावरनं न्या."